रवीची दोरी आणि गिरमिटाची धार

गेल्या काही दिवसांत लाकडी वस्तू करणाऱ्या गटांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. ड्रिलचं बिट कोणतं घ्यायचं, आणि घेतलेलं बिट इतक्या लवकर का जातं? दुकानातली यादी वाचून दाखवली असती तर पाच मिनिटांत कार्यक्रम संपला असता. पण या प्रश्नामागं दुसरंच एक दुखणं आहे, आणि त्यासाठी जरा मागं जावं लागेल. थोडं थोडकं नाही, आठ-नऊ हजार वर्षं मागं.

आधी दुखणं सांगतो. आमच्या गटात चावी अडकवायचे स्टँड, कपड्यांच्या खुंट्या, पणती ठेवायचे लाकडी पाट अशी कामं होतात. फळी करवतणं, पॉलिश पेपरनं घासणं, रंग देणं हे सगळं बायकाच करतात. भोकं पाडायची वेळ आली की मात्र माल पिशवीत भरून तालुक्याला जातो. का? तर म्हणे, तिथं जोर लागतो, ते बायामाणसांचं काम नाही. भोकाला तीन रुपये, एका स्टँडला सहा भोकं. म्हणजे अठरा रुपये तिथंच गेले, एसटीचं भाडं वेगळं, आणि माल परत मिळेपर्यंत वाट बघायची ती वेगळीच. मशीन गटाच्या कपाटात असूनही हे चालतं. म्हणून म्हटलं, भोक खरंच जोरानं पडतं का, हे जरा इतिहासालाच विचारू.

ताक घुसळताना आपण काय करतो? रवीच्या दांड्याला दोरीचे दोन-तीन वेढे देतो आणि दोरीची दोन टोकं आळीपाळीनं ओढतो. रवी एकदा इकडं फिरते, एकदा तिकडं. आता रवीचं फूल काढा आणि त्या जागी गारगोटीसारख्या कठीण दगडाचं टोकदार पातं बसवा. झालं जुन्या काळातलं ड्रिल मशीन! यज्ञात अरणीच्या लाकडांतून अग्नी काढतात त्यालाही मंथनच म्हणतात, आणि तिथंही दोरीच ओढतात. फक्त एक अडचण होती. दोरी ओढण्यात दोन्ही हात गुंतले, तर वरून दाबायचं कुणी? मग दोरी वाकवलेल्या काठीला बांधली. एका हातानं कमान पुढं-मागं ओढायची, दुसऱ्या हातानं दांड्याला वरून टेकू द्यायचा. सुतारांच्या जुन्या बोलीत या हत्याराला सामता म्हणतात. पण त्याची हालचाल कुणाच्या हाताला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, ते सांगायला नको.

ही युक्ती किती जुनी? आजच्या पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात मेहरगढ नावाची फार जुनी वसाहत सापडली. तिथल्या कबरींमध्ये नऊ माणसांचे मिळून अकरा दात असे मिळाले, की त्यांना व्यवस्थित गोल भोकं पाडलेली होती. सात-साडेसात हजार ते नऊ हजार वर्षांपूर्वीचे हे दात! २००६ साली शास्त्रज्ञांनी हे जगापुढं मांडलं. दगडी टोकाचं कमानीचं ड्रिल वापरलं असणार, असं त्यांचं म्हणणं. दाताच्या दुखण्यावर हा इलाज करायचं कुणाला सुचलं असेल, आणि तो करून घेणाऱ्याची काय छाती असेल, हा विचार आमच्या बैठकीत बराच वेळ चालला होता. पण मुद्दा बघा. दातावर जोर करून चालेल का? टोक बारीक, धार चांगली आणि हात हलका, म्हणूनच ते जमलं.

त्याच भागातली पुढची गोष्ट मण्यांची. सिंधू संस्कृतीत अकीक दगडाचे, म्हणजे लालसर कार्नेलियनचे, बोटाएवढे लांब मणी करत. लांबीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ भोक. सिंधमधल्या चन्हुदारो गावी १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी खोदकाम केलं, तेव्हा मण्यांचा कारखानाच उघडा पडला. तिथली ड्रिलची टोकं एका खास कठीण दगडाची होती. त्या दगडाला अभ्यासकांनी पुढं मॅके यांच्याच नावावरून अर्नेस्टाइट हे नाव दिलं. तसली टोकं वापरून आजच्या काळात प्रयोग करून पाहिले, तर तासाभरात जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पुढं सरकलं. एका लांब मण्याला कित्येक दिवस. नुसता जोर करून असं काम होत नाही. जोर केला तर मणीच फुटतो. गुजरातेत खंबातला आजही अकीकाचे मणी कमानीच्या ड्रिलनं विंधतात. टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण बसवलेले असतात आणि भोकावर पाणी ठिबकत असतं. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या खोदकामातही अकीकाचे मणी मिळालेत. गळ्यातल्या पोतीतला प्रत्येक मणी कुणीतरी विंधलेला असतो, हे आपण विसरूनच जातो.

आता लाकडाकडं येऊ, कारण लाकडाचं भोक वेगळं. दगड झिजवावा लागतो, लाकूड कापावं लागतं. लाकूड म्हणजे घट्ट आवळून बांधलेली मोळी समजा. मोळीत आडवं काही घुसवलं तर काड्या फाटतात, ढलप्या उडतात. आधी काड्या कडेनं कापून घेतल्या, तर मधला भाग अलगद निघतो. लाकडाचं बिट चांगलं की वाईट, हे या एकाच गोष्टीवर ठरतं. दुसरी गोष्ट म्हणजे कापलेला भुसा. तो भोकातच दाबला गेला तर बिट अडकतं, तापतं, लाकूड जळतं. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोन अडचणींशी चाललेली झटापट आहे.

इजिप्तमध्ये थीब्ज इथं रेखमिरे नावाच्या वजीराची कबर आहे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर सुतारांची चित्रं आहेत, आणि त्यात एक जण चक्क कमान ओढून लाकडाला भोक पाडतोय. आपल्याकडं समुद्रकाठी तर फळ्या खिळ्यांनी न ठोकता शिवायचे. होय, शिवायचेच! फळ्यांच्या कडांना ओळीनं भोकं पाडायची आणि नारळाच्या काथ्यानं टाके घालायचे. ही विद्या जवळपास बुडाली होती. अलीकडं गोव्यात त्याच पद्धतीनं जहाज बांधलं गेलं, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते कौंडिण्य या नावानं नौदलात दाखल झालं. त्याचा नमुना कुठून घेतला ठाऊक आहे का? आपल्या अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून. गोधडी शिवणाऱ्या बाईला त्यातली मेख लगेच कळेल. टाका कितीही घट्ट घाला, भोकं ओळीत आणि एकसारखी नसतील तर शिवण बसत नाही.

युरोपातल्या सुतारांकडं होतं पळीसारखं बिट. लोखंडी दांडा, आणि टोकाला पन्हळीसारखा खोलगट भाग, त्याच्या कडेला धार. १९३६ साली स्वीडनच्या गोटलंड बेटावर शेत नांगरताना एका शेतकऱ्याच्या नांगराला लाकडी पेटी अडकली. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराची हत्यारांची पेटी! दोनशेच्या वर वस्तू, आणि त्यात ही पळीची गिरमिटंही होती. या बिटानं भोक छान पडतं, पण भुसा पळीत भरला की थांबायचं, बाहेर काढायचं, झटकायचं, पुन्हा घालायचं. फिरवायलाही दोन हात लागत आणि दर अर्ध्या फेऱ्याला पकड बदलावी लागे. मग वाकड्या मुठीचं गिरमिट आलं. कोपरासारखं वाकवलेलं, वरून छातीनं किंवा तळहातानं टेकायचं आणि मधली मूठ गोल फिरवायची. फिरणं आता अर्ध्यावर थांबत नाही, एकाच दिशेनं चालू राहतं. साधारण १४२७ ते १४३२ या काळातलं एक चित्र न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. त्यात येशूचे वडील योसेफ सुतारकाम करताना दाखवलेत, आणि त्यांच्या हातात हेच हत्यार आहे. त्याच्या सगळ्यात जुन्या चित्रांत हे मोडतं.

भुशाचा प्रश्न सुटायला मात्र फार वर्षं गेली. १८०९ साली अमेरिकेत एझ्रा लॉमेड्यू यानं पिळाच्या गिरमिटाचं पेटंट घेतलं. दांडा दोरीसारखा पिळलेला, भुसा त्या पिळातून आपोआप वर चढतो आणि बाहेर पडतो. १८५५ मध्ये रसेल जेनिंग्ज यानं दुहेरी पिळाचं सुबक बिट काढलं. टोकाला बारीक स्क्रू, दोन्ही कडांना भोकाचा गोल आधी कापून घेणारी दोन नखं, आणि मागून लाकूड सोलणाऱ्या दोन धारा. मोळीच्या काड्या आधी कापायच्या, मग उचलायच्या, हे ते काम. स्क्रू स्वतःच लाकडात शिरून बिटाला आत ओढतो, माणसानं फक्त फिरवायचं. आमच्या मते सगळ्या इतिहासात हे वळण मोठं. जोर लागतो म्हणणाऱ्यांना तिथंच उत्तर मिळालं होतं. आपल्याकडं हे सगळं इंग्रजांबरोबर आलं आणि त्यांच्या गिम्लेटचं आपण गिरमिट केलं.

पणतीचे पाट करणाऱ्या गटांनी पुढचं नाव लक्षात ठेवा, बेंजामिन फोर्स्टनर. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमधला हा बंदुका करणारा कारागीर. बंदुकीच्या लाकडी दस्त्यात सपाट तळाचा स्वच्छ खड्डा हवा, आणि टोकाच्या स्क्रूनं तळ फुटता कामा नये. १८७४ मध्ये त्यानं नवंच बिट काढलं. मधला स्क्रू नाही, कडेचं गोल पातंच भोकाला वळण देतं. दुकानात आजही ते फोर्स्टनर याच नावानं मिळतं. चहाच्या छोट्या कपासारख्या टिनच्या मेणपणत्या असतात ना, त्यांच्यासाठी ४० मिलिमीटरचं फोर्स्टनर घेतलं की खड्डा कसा वाटीसारखा सरळ आणि गुळगुळीत येतो. पण मशीन हळू चालवायचं आणि फळी शिकंजात घट्ट धरायची. एवढं मोठं बिट हातात धरलेल्या फळीवर कधीच चालवायचं नाही.

आता दुकानात गेलं की जे पहिलं हातात देतात ते पिळाचं साधं बिट. त्याची कथा युद्धातली आहे. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा बंदुकीच्या एका बारीक भोकासाठी अशी पिळाची ड्रिलं लागत. पण त्यांवरच्या खाचा कशा करत? कारागीर गोल कानस घेऊन एकेक खाच हातानं घासत बसायचे. हा वेळ वाचवायचा म्हणून १८६१-६२ मध्ये जोसेफ ब्राउन यानं खास यंत्र बांधलं, आणि १८६३ साली स्टीफन मोर्स यानं पिळाच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. हे बिट मुळात लोखंडासाठी जन्मलं, हे ध्यानात ठेवा. म्हणूनच त्याचं टोक उताराचं असतं, आणि गुळगुळीत लाकडावर ते सुरुवातीला घसरतं. आधी खिळ्यानं छोटी खूण ठोकली तर लाकडालाही ते चालतं. पण रोजचं काम लाकडाचंच असेल तर मध्ये काटा आणि दोन्ही कडांना नखं असलेलं लाकडाचं बिट मागा. काटा खुणेवर नेमका बसतो, नखं काड्या कापतात, भोकाच्या तोंडाशी ढलप्या उडत नाहीत.

पोलादाचंही बघायला हवं, कारण फसवणूक तिथंच होते. साधं पोलाद तापलं की मऊ पडतं आणि धार जाते. १८९८ ते १९०० च्या सुमारास फ्रेडरिक टेलर आणि माउन्सेल व्हाइट या दोघांनी अमेरिकेत असं पोलाद तयार केलं, की ते तापून लालसर झालं तरी धार टिकावी. घड्याळ लावून कामगारांचं काम मोजणारा म्हणून जो जगभर ओळखला जातो, तो टेलर हाच. त्या पोलादाला हाय स्पीड स्टील म्हणतात, आणि बिटाच्या दांड्यावर एचएसएस ही तीन इंग्रजी अक्षरं असतात ती त्याचीच. ती बघून घ्या. त्यानंतर १९२६-२७ मध्ये जर्मनीच्या क्रुप कारखान्यानं विडिया नावानं टंगस्टन कार्बाइड बाजारात आणलं. हिऱ्यासारखं, असा त्या नावाचा अर्थ. आपल्या घरी भिंतीला भोक पाडायचं बिट असतं, त्याच्या टोकाला बसवलेली जाड पट्टी कार्बाइडचीच असते. ती वीट-सिमेंट फोडण्यासाठी असते, लाकूड कापण्यासाठी नाही. बऱ्याच गटांकडं मशीनबरोबर तेच बिट येतं, ते लाकडाला लावलं जातं, धूर निघतो, आणि मग शिक्का बसतो, बायकांना जमत नाही! बिट भिंतीचं, दोष बायकांचा.

विजेचं ड्रिल १८८९ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला आलं. १८९५ मध्ये जर्मनीत फाइन कंपनीनं हातात धरायचं केलं आणि १९१७ मध्ये अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर कंपनीनं पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा असलेल्या ड्रिलचं पेटंट घेतलं. १९४६ पासून त्यांनी घरगुती हौशी कामासाठी स्वस्त ड्रिल विकायला सुरुवात केली. जाहिरातींत बहुतेक पुरुषच. गंमत अशी, की त्याआधीची दोन-चार वर्षं अमेरिकेत विमानं बांधायला हजारो बायका कारखान्यांत ड्रिल घेऊन उभ्या होत्या. बी-२४ नावाच्या एका बॉम्बफेकी विमानाला तीन लाखांच्या वर रिव्हेट लागत, आणि प्रत्येक रिव्हेटसाठी आधी भोक. युद्ध संपलं, पुरुष परत आले, बायकांना घरी पाठवलं आणि ड्रिल घरच्या पुरुषाचं खेळणं ठरलं. जोर बायकांच्या अंगात तीन वर्षं होता आणि मग गेला, असं थोडंच झालं असेल?

तर मग घ्यायचं काय? सुरुवातीला ३, ४, ६, ८ आणि १० मिलिमीटरची लाकडाची बिटं, खुंट्यांसाठी आणि हुकांसाठी पुरतात. स्क्रू बसवायचा असेल तर बिट स्क्रूसमोर डोळ्यांपुढं धरा. स्क्रूचा मधला दांडा बिटाआड झाकला गेला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंनी आटे दिसले पाहिजेत. तेच योग्य माप. बाभळीसारख्या कठीण लाकडात आधी असं भोक न पाडता स्क्रू पिळला तर फळी तरी तडकते नाहीतर स्क्रूचं डोकं तरी तुटतं. आरपार भोक पाडायचं असेल तर फळीखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट लावा, म्हणजे मागच्या बाजूला ढलपी उडत नाही. टोकाला स्क्रू असलेलं जुनं गिरमिट घरात असेल तर ते हातानंच फिरवा. वेगवान मशीनला लावलं तर ते स्वतःला आत ओढून घेतं आणि मनगटाला हिसका देतं.

आणि टिकवायचं कसं? चार-पाच सेकंद चालवा, थोडं बाहेर ओढा, भुसा पडू द्या, पुन्हा घाला. धूर दिसला की थांबायचंच. एक तर भुसा अडकलाय नाहीतर धार गेलीय, आणि दोन्हीवर जोर हा इलाज नाही. सागाचा चीक खाचांत बसून काळा थर जमतो. बिट रॉकेलमध्ये भिजवून जुन्या दात घासायच्या ब्रशनं साफ होतं. जवळ चूल मात्र नको. साफ केल्यावर पुसून तेलाचा हात फिरवायचा, पावसाळ्यात तर नक्कीच. बिटं खिळ्यांच्या डब्यात टाकू नका, एकमेकांवर आपटून धार जाते. लाकडाच्या ठोकळ्याला मापाप्रमाणं भोकं पाडा आणि एकेक उभं ठेवा. भोकं पाडायचा सरावही तिथंच होईल.

धार लावणं हे विळी-विळ्याला धार लावण्यासारखंच नाजूक काम आहे. साध्या पिळाच्या बिटाला टोकाशी दोन धारा असतात. ग्राइंडरवर दोन्ही सारख्या लांबीच्या आणि सारख्या उताराच्या राहिल्या पाहिजेत. एक लांब, एक आखूड झाली की भोक बिटापेक्षा मोठं पडतं. एचएसएस बिट तापलं तर पाण्यात चुर्र करून बुडवू नका, बारीक चिरा जातात. हवेत निवू द्या. नखं असलेल्या गिरमिटाला बारीक कानस फक्त आतल्या बाजूनं लावायची. नखं बाहेरून घासली तर ती कापतात तो गोल लहान होतो आणि मागचं बिट भोकात अडकून बसतं. हे एवढं कळलं तर गिरमीट नातवंडांपर्यंत जातं.

मशीनजवळ जाताना पदर खोचलेला, वेणी बांधलेली, ओढणी बाजूला, बांगड्या काढलेल्या. हातमोजे मात्र घालू नका, फिरत्या बिटात मोजा अडकला की हात ओढला जातो. डोळ्यांना साधा चष्मा हवाच. बिट बदलताना प्लग काढायचा.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं बोथट झालेली बिटं कागदात गुंडाळून आणा, भिंतीची आणि लाकडाची वेगवेगळी. कानस आणि ग्राइंडर आम्ही आणतो. एक बाभळीची फळीही ठेवू, म्हणजे धार लागली की नाही ते तिथंच बघता येईल.